होडीच्या इंजिनाचा श्वास

पेट्रोल जळतें, असें म्हणण्याचा सर्वत्र प्रघात आहे. परंतु सूक्ष्म दृष्टीनें पाहिलें तर पातळ पेट्रोल स्वतः कधींच जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ. आणि तीहि हवेंत ठराविक प्रमाणांत मिसळली असेल तरच. हवा फार झाली तर ठिणगी पडूनहि मिश्रण पेटत नाहीं. हवा थोडी पडली तर तें धुमसतें, काजळी धरतें आणि अर्धवट जळून विझतें. ह्या गोष्टीचा पडताळा प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरांत रोज मिळत असतो. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असली म्हणजे गृहिणी निश्चिंत असते. ती पिवळी झाली आणि भांड्याचें बूड काळें पडूं लागलें कीं तिच्या ध्यानांत येतें, कोठें तरी कचरा बसला आणि हवा कमी पडली. शेगडी दुरुस्त करणारा मनुष्य गॅस बदलीत नाहीं. तो केवळ हवेची वाट मोकळी करतो. इंधन तेंच, शेगडी तीच. बिघडलें होतें तें प्रमाण.

स्वयंपाकघरांत प्रमाण बिघडलें तर भांडें काळें होतें. भर पाण्यांत बिघडलें तर काय होतें, हें समजण्यास नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोंकाकडे पाहावें. तेथें सातपुड्याच्या कड्यांखालून नर्मदा वाहते. महाराष्ट्राच्या वांट्याला तिचा अगदीं थोडासा प्रवाह आला आहे. सरदार सरोवर धरणाचें पाणी १९९३ सालच्या पावसाळ्यांत मणिबेलीस पोंचलें आणि पुढें धरणाच्या उंचीबरोबर तें वर वर चढत गेलें. १३८.६८ मीटर ही जलाशयाची पूर्ण पातळी प्रथम सप्टेंबर २०१९ मध्यें गांठली गेली. अक्कलकुवा आणि धडगांव ह्या दोन तालुक्यांतील ३३ गांवें त्या फुगवट्याच्या क्षेत्रांत आलीं. ज्या दऱ्यांतून पूर्वीं माणसें पायीं जात, त्यांत पाणी उभें राहिलें, टेकड्यांचीं बेटें झालीं, आणि कित्येक पाड्यांना होडी हाच जवळचा रस्ता उरला. रोग्यांसाठीं दवाखानासुद्धां पाण्यावर तरंगता ठेवावा लागला. २०२० सालीं चिमलखेडी येथील अंगणवाडीच्या सेविकेनें अलिघाट व दादर येथील बालकें आणि गर्भवती स्त्रिया यांच्यापर्यंत पोषक आहार पोंचविण्यासाठीं स्वतः वल्हें हातीं घेऊन महिनोगणती फेऱ्या केल्या, ही हकीकत त्या वेळीं देशभर वाचली गेली. वल्ह्यानें मारलेल्या त्या फेऱ्यांचे श्रम ध्यानांत घेतले म्हणजे इंजिनाची खरी किंमत कळते. आणि इंजिन मध्यावर बंद पडणें म्हणजे काय, हेंहि कळतें. रस्त्यावर मोटार बंद पडली तर माणूस उतरून चालूं लागतो. पाण्यावर तसें करतां येत नाहीं.

होडीचीं सारींच इंजिनें पेट्रोलचीं नसतात. डिझेलच्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरांत, दाबानें तापलेल्या हवेंत, फवारलें जातें. त्याची कथा निराळी आहे. येथें विचार करावयाचा तो होडीच्या मागल्या फळीवर अडकविलेल्या, उचलून खांद्यावर नेतां येण्याजोग्या पेट्रोलच्या इंजिनाचा. यासच आउटबोर्ड इंजिन म्हणतात. ओल एव्हिनरूड नांवाच्या, नॉर्वेंत जन्मलेल्या अमेरिकन कारागिरानें १९०९ सालीं असें इंजिन बाजारांत आणलें आणि तेव्हांपासून लहान होडीचें रूप जगभर पालटलें. त्याचा पंखा पाण्यांत असतो, टांकी होडींत असते, आणि मस्तकावरील टोपीखालीं, दोन मुठींत मावेल एवढें, एक धातूचें पात्र असतें. त्याचें नांव कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा यांची गांठ पडते ती ह्या पात्रांत.

प्रथम प्रमाण पाहूं जातां असें आढळतें, कीं एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हें झालें वजनाचें प्रमाण. आकारमानाचा हिशेब केला तर तो अधिकच चकित करणारा आहे. एक लिटर पेट्रोलला सुमारें अकरा किलो, म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा पाहिजे. दोन सिलिंडरांचें एखादें इंजिन भर वेगांत ताशीं सहा लिटर पेट्रोल जाळीत असेल, तर तेवढ्या वेळांत तें सुमारें चोपन्न हजार लिटर हवा ओढून घेतें. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशी खोली कल्पिली तर अशा जवळजवळ दोन खोल्या भरून हवा! पेट्रोल म्हणजे इंजिनाचें अन्न हें खरें. पण आहाराच्या मानानें त्याचा श्वास किती मोठा आहे, हें ह्या आंकड्यांवरून दिसून येईल.

हें मिश्रण किती त्वरेनें व्हावें लागतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. इंजिन मिनिटास पांच हजार फेरे करीत असेल आणि तें दोन-स्ट्रोकचें असेल, तर प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक सिलिंडर एकदां भरतो. म्हणजे एका घासासाठीं एका सेकंदाच्या ऐंशीव्या भागाहूनहि कमी अवकाश मिळतो. आणि वर सांगितलेल्या इंजिनांत त्या एका घासाच्या वांट्याला येणारें पेट्रोल एका मिलिलिटराचा शंभरावा भाग, म्हणजे एका थेंबाचा सुमारें पांचवा हिस्सा, एवढेंच असतें. थेंबाचा पांचवा हिस्सा मोजावा, त्याचा धुरळा करावा, त्याला त्याच्या वजनाच्या चौदा-पंधरा पट हवेंत सारखा पसरावा, आणि हें सर्व मिनिटास दहा हजार वेळां न चुकतां करावें, असें हें काम आहे. तें करणाऱ्या यंत्रांत दांतेरी चक्र नाहीं कीं विजेची तार नाहीं. हवेच्या एका स्वाभाविक धर्मावर तें सारें चालतें.

तो धर्म असा. वाहत्या पदार्थाची वाट अरुंद झाली कीं त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला कीं त्याचा आजूबाजूस पडणारा दाब घटतो. वेग वाढतो, हें नदीकांठच्या माणसाला सांगावें लागत नाहीं. पात्र पसरट असतें तेथें पाणी संथ, आणि दोन खडकांमधून जातें तेथें खळाळ. दाब घटतो, हें मात्र सहसा लक्षांत येत नाहीं. कागदाचे दोन ताव बोटभर अंतरावर उभे धरून मधून जोरानें फुंकर मारावी. ते एकमेकांपासून दूर जातील अशी अपेक्षा असते; प्रत्यक्षांत ते जवळ ओढले जातात. डॅनियल बर्नूली यानें १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत वेग आणि दाब यांचा हा संबंध मांडला, आणि इटलींतील व्हेंतुरी यानें १७९७ सालीं अरुंद होऊन पुन्हां रुंद होणाऱ्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. कार्ब्युरेटरच्या मधल्या अरुंद भागास आजहि त्याचेंच नांव आहे. मराठींत त्यास घसा म्हणावें. रूपहि तसेंच आहे.

इंजिन हवा ओढूं लागलें कीं ती ह्या घशांतून वेगानें जाते आणि तेथील दाब उतरतो. घशांत एका बारीक नळीचें तोंड उघडें असतें. तिचें दुसरें टोंक पेट्रोलच्या लहानशा वाटींत बुडालेलें असतें. वाटींतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब, घशांत मात्र कमी. साहजिकच पेट्रोल नळींतून वर चढतें आणि वेगवान् हवेच्या झोतांत सांपडून त्याचा फवारा होतो. डांस मारण्याची जुनी हातपिचकारी ज्यांनीं वापरली आहे, त्यांनीं हाच खेळ प्रत्यक्ष केलेला आहे. गॅसच्या शेगडींत वेगानें निघणारा गॅस भोंवतालची हवा ओढून घेतो. येथें वेगानें जाणारी हवा पेट्रोल ओढून घेते. तत्त्व एकच, यजमान आणि पाहुणा यांची मात्र अदलाबदल झालेली.

वाटींतील पेट्रोलची पातळी कमीजास्त होऊन चालत नाहीं. ती चढली तर पेट्रोल आपोआप सांडूं लागेल, उतरली तर घशास तें ओढून घेणें जड जाईल. म्हणून घरच्या पाण्याच्या टांकींत तोटी बंद करणारा चेंडू असतो, तसा येथें एक हलका फ्लोट असतो. तो वर आला कीं सुईच्या आकाराची झडप पेट्रोलची वाट बंद करते. नळीच्या बुडाशीं पितळेचा एक लहान खिळा बसविलेला असतो. त्यास जेट म्हणतात. त्याच्या मधोमध मोहरीच्या दाण्याहून बारीक असें भोंक असतें. साऱ्या इंजिनाचा आहार ह्या भोंकानें ठरतो. त्यांत तारेनें खरवडणें म्हणजे सोनाराच्या तराजूचें माप कानशीनें घासण्यासारखें आहे. जाणता मिस्त्री तें फुंकून साफ करतो, तार घालीत नाहीं.

ही युक्ति प्रथमपासून सांपडली होती असें नाहीं. कार्ल बेंझ यानें १८८५ सालीं आपली पहिली मोटार चालविली, तेव्हां पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वाफ लावण्याची रीत होती. तींत हलका अंश आधीं उडून जाई, जड अंश मागें राही, आणि प्रवास लांबला कीं मिश्रण निकृष्ट होई. १८९३ च्या सुमारास हंगेरींत बांकी व चोंका आणि जर्मनींत विल्हेल्म मायबाख यांनीं फवाऱ्याची रीत सिद्ध केली. तेव्हांपासून शंभर वर्षें मोटार, मोटारसायकल आणि होडी ह्या तिघींनीं त्याच रीतीवर श्वास घेतला.

एकच प्रमाण सर्व वेळीं पुरत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवलें पाहिजे. पहांटेच्या थंडींत पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो. बाकीचा थेंबांच्या रूपानें भिंतींस चिकटतो. म्हणून चोकची झांकणी ओढून हवेची वाट रोधावी लागते, म्हणजे पेट्रोल अधिक येतें आणि वाफेपुरतें तरी प्रमाण साधतें. इंजिन तापल्यावर ती झांकणी तशीच राहिली तर काळा धूर, ओला प्लग आणि गुदमरलेला आवाज हें ठरलेलें. संथ चालीस घशांतून जाणारी हवा इतकी मंद असते कीं मुख्य नळींतून पेट्रोल चढत नाहीं. त्यासाठीं निराळी बारीक वाट आणि तिचा स्क्रू असतो. पूर्ण जोर हवा असेल तेव्हां बारा-तेरास एक असें थोडें दाट मिश्रण लागतें. पश्चिम किनाऱ्यावरील कोळ्यांच्या कांहीं होड्यांत इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेतात, त्याचें कारणहि हेंच. रॉकेलची वाफ थंड इंजिनांत होत नाहीं.

दोन-स्ट्रोकच्या इंजिनांत ह्या सर्वांवर आणखी एक गोष्ट अवलंबून असते, आणि तीच अत्यंत महत्त्वाची आहे. कार्ब्युरेटरमधून निघालेलें मिश्रण येथें सरळ सिलिंडरांत जात नाहीं. पोलादाच्या पातळ पात्यांच्या झडपेंतून तें आधीं पिस्टनखालच्या पेटींत शिरतें, तेथें फिरत्या दांड्याबरोबर घुसळलें जातें, आणि मग वर चढतें. त्या पेटींत निराळें वंगण नसतें. पेट्रोलमध्येंच तेल मिसळलेलें असतें. पुष्कळ इंजिनांस पन्नासास एक, म्हणजे लिटरमागें वीस मिलिलिटर. फवारा जितका, तितकेंच वंगण. म्हणून काटकसरीच्या इच्छेनें ज्यानें पेट्रोलचा स्क्रू आवळला, त्यानें न कळत तेलहि तोडलें. मिश्रण पातळ झालें कीं इंजिन कांहीं वेळ उलट चपळ धांवतें. मालकास वाटतें, युक्ति साधली. आंत मात्र उष्णता वाढत असते, पिस्टनवरील तेलाचा पडदा विरत असतो, आणि एका क्षणीं पिस्टन सिलिंडरांत आवळून बसतो. मग तो कितीहि दोरी ओढली तरी हालत नाहीं. लिटरामागें वांचविलेल्या चार पैशांची किंमत सबंध इंजिनानें द्यावी लागते. "अति तेथें माती" ही म्हण जादा खर्चास लागू आहे, तशी जादा काटकसरीसहि लागू आहे.

इंजिन मध्यावर बंद पडण्याचीं कारणें पुष्कळदां याहूनहि साधीं असतात. टांकीच्या झांकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. वाहून नेतांना पेट्रोल सांडूं नये म्हणून तो घट्ट करतात आणि निघतांना उघडण्यास विसरतात. टांकींतलें पेट्रोल उतरतें, पण त्याच्या जागीं हवा शिरत नाहीं. आंत पोकळी होते आणि पंपास पेट्रोल ओढवत नाहीं. इंजिन कांहीं मिनिटें उत्तम चालतें आणि कांठ दूर राहिला कीं थांबतें. अशा वेळीं दोरी ओढून दमण्याआधीं नावाड्यानें तीन गोष्टी पाहाव्या. हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळीवरील रबरी फुगा दाबल्यास घट्ट होतो का? तो दाबतांच इंजिन सांवरलें तर दोष पुरवठ्याचा आहे. चोक किंचित ओढल्यावर चाल सुधारली तर मिश्रण पातळ आहे. ती अधिकच बिघडली तर दाट आहे. प्लग काढून पाहिला तर तोहि साक्ष देतो: विटकरी-तपकिरी असेल तर प्रमाण ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल फार, पांढरा फटफटीत असेल तर फार थोडें. डॉक्टर रोग्याची जीभ पाहतो, तशीच ही परीक्षा आहे.

ह्याच जिल्ह्यांत हवेचाहि एक धडा घेण्यासारखा आहे. नर्मदेच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून दीडशें मीटरांच्या आंत. आणि त्याच धडगांव तालुक्यांत तोरणमाळचा यशवंत तलाव हजार मीटरांहून अधिक उंचीवर. तेथील हवा वजनानें सुमारें एक दशांश हलकी आहे. नर्मदेवर नीट लावलेलें इंजिन तेथें नेऊन सुरू केलें तर घशांतून जाणारी हवा दिसण्यास तेवढीच, पण वजनानें कमी भरते. मिश्रण दाट होतें आणि इंजिनाचा जोर कांहींसा उतरतो. दुरुस्ती पेट्रोलच्या बाजूनें, बारीक जेट घालून, करावी लागते. कारण डोंगरावरची हवा कोणासहि बदलतां येत नाहीं.

पेट्रोल मात्र बदललें आहे. २०२५ पासून भारतांत सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल जळण्यास त्याच्या नऊ पट वजनाचीच हवा पुरते. त्यामुळें ह्या मिश्र इंधनाचें योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येतें. जुन्या जेटच्या मापानें पाहतां इंजिनास तें कांहींसें पातळ पडतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. आणि पाणी फार झालें कीं तें पेट्रोलपासून सुटून पाण्यासह टांकीच्या बुडाशीं बसतें. नेमकी तेथूनच नळी पेट्रोल उचलते. जलाशयाच्या दमट हवेंत, पावसाळाभर अर्ध्या भरलेल्या टांकीस ही भीति अधिक. त्यावर उपाय खर्चाचा नाहीं. फार दिवस इंजिन चालवावयाचें नसेल तर शेवटच्या फेरीनंतर नळी सोडावी, वाटींतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन पाण्यांतच चालूं द्यावें, आणि टांकी रिकामी करावी. वाटींत राहिलेलें पेट्रोल उडून जातें, मागें डिंकासारखा चिकट थर राहतो, आणि मोहरीएवढें तें भोंक बुजतें.

दोन-स्ट्रोकच्या इंजिनाचा एक दोष मात्र कितीहि निगा राखली तरी जात नाहीं. ताजें मिश्रण आंत येत असतां धुराचीहि वाट उघडी असते. त्यामुळें इंधनाचा बराच भाग, कधीं चतुर्थांशापर्यंत, न जळतांच बाहेर पडतो. होडीच्या इंजिनाचा धूर पाण्याखालीं सोडलेला असतो. म्हणजे तें पेट्रोल आणि तेल जातें तें मासळीच्या आणि कांठच्या माणसांच्या पाण्यांत. ह्याच कारणास्तव अमेरिकेनें १९९८ पासून क्रमाक्रमानें अशा इंजिनांवर निर्बंध घातले, आणि चार-स्ट्रोकचीं व संगणकाच्या साहाय्यानें पेट्रोल मोजून फवारणारीं इंजिनें पुढें आलीं. त्यांत घशाचें काम विजेची झडप करते. हवेचें वजन, उष्णता आणि वेग मोजून ती क्षणोक्षणीं प्रमाण ठरविते. भारतांतील नव्या मोटारसायकलींतहि १ एप्रिल २०२० च्या नियमांनंतर हीच रीत रूढ झाली.

ह्या सुधारणेचें स्वागतच केलें पाहिजे. परंतु तिची दुसरी बाजूहि विसरूं नये. शहरांतील मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला कीं तो उघडून नीट लावणारे हातहि हळूहळू जातील, आणि जुनें इंजिन मात्र दूरच्या पाण्यांत आणखी पुष्कळ वर्षें चालत राहील. विजेची झडप बिघडली तर ती नदीच्या मध्यावर चाकूनें आणि फडक्यानें दुरुस्त होत नाहीं. घसा, वाटी आणि जेट यांचें कोडें मात्र समजून घेतलेल्या माणसास तेथेंहि सुटूं शकतें. नावाड्याच्या पोरास वल्हें मारणें वडिलांकडून आपोआप मिळतें. हें ज्ञान कोणीतरी मुद्दाम द्यावें लागतें. सातपुड्याच्या आश्रमशाळांत विज्ञानाच्या तासास एक जुना कार्ब्युरेटर उघडून मुलांच्या हातीं दिला, तर बर्नूलीचा नियम आणि घरची होडी यांची गांठ त्यांच्या मनांत कायमची पडेल. रात्रीच्या वेळीं रोग्यास घेऊन निघालेल्या होडींत बळकट दंडांचा नावाडी असावाच. पण पितळेच्या त्या बारीक भोंकाची भाषा जाणणारा एक जण असला, तर पलीकडचा कांठ बराच जवळ येतो.